ढापे काढायचे की ठेवायचे

मी निवडणुकीला उभी होते आणि प्रश्न मात्र माझ्या नवऱ्याला विचारले जात होते.

सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असत. मी जाऊन नमस्कार करायचे. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि मग ह्यांच्याकडे वळून म्हणायचे, "काय मिस्त्री, निवडून आल्यावर नदीचं काय करणार म्हंता?" हे माझ्याकडे बघायचे. मी उत्तर द्यायचे. ते ऐकून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न पुन्हा ह्यांनाच. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "उद्यापासून तुम्ही दुकानातच बसा." हे म्हणाले, "मी नाही आलो तर तुला कोणी काही विचारणारच नाही." ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पंचायत समितीची ती जागा बायकांसाठी राखीव झाली होती. घरोघरी मोबाइल यायच्या आधीचे ते दिवस. माझ्याविरुद्ध उभी असलेली बाई मला सबंध प्रचारात एकदाही दिसली नाही. दिसायचा तो तिचा नवरा. जीपमध्ये पुढे बसलेला, पांढरेशुभ्र कपडे, दोन्ही हात कायम जोडलेले. पोस्टरवर बायकोपेक्षा त्याचाच फोटो मोठा होता. त्याला सगळे शेठ म्हणत. लढत म्हणाल तर माझी त्या शेठशीच होती.

माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. वडील गार्ड होते. कॉलनीत नळाला पाणी यायचं आणि ते कुठून येतं, कुठं जातं हा विचार मी लग्न होईपर्यंत कधी केला नाही. लग्न होऊन आले ती राहू गावाच्या बाजूच्या नदीकाठच्या एका गावात, मुलाण्याच्या घरात. गावच्या जत्रेचं बकरं, नवसाचं बकरं पिढ्यान्‌पिढ्या याच घराच्या हातचं. सासऱ्यांनी ते काम निष्ठेनं केलं. ह्यांनी मात्र मोटर रिवायंडिंग शिकून एसटी स्टँडसमोर दुकान टाकलं. शेतकऱ्यांच्या नदीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की आमच्याकडे येत. गाव नदीवर जगत होतं आणि आम्ही गावाच्या जळक्या मोटारींवर.

गावाखाली नदीवर बंधारा आहे. ओळीनं उभे दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक सोडलेल्या लोखंडी पाट्या. त्या पाट्यांना ढापे म्हणतात. पावसाळा सरला की ढापे टाकायचे आणि पाणी अडवायचं. त्यावर ऊस, कांदा, शेवंती, सगळं. पावसाळ्याच्या तोंडावर ढापे काढून घ्यायचे. आजोबा-पणजोबांना वाटलं असेल, यात बिघडण्यासारखं काय आहे. पण वरच्या शहराचं सांडपाणी नदीतून येऊन आमच्या बंधाऱ्यात मुक्कामाला राहायला लागलं. त्यावर जलपर्णी पसरायची, ती इतकी दाट की नवख्या माणसाला वाटावं इथं शेतच आहे. उन्हं तापली की वास थेट चुलीपर्यंत यायचा. गावाची पिण्याची विहीर नदीच्या काठालाच होती. माझ्या धाकट्या मुलीच्या पायांवर खरूज अशी काही बसली की पोर खाजवून खाजवून रडायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे.

माझं सगळं तिथून सुरू झालं. मी अधूनमधून नदीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून दुकानाच्या फळीवर ठेवायला लागले. पावसाळ्यातलं गढूळ, दिवाळीच्या सुमाराचं त्यातल्या त्यात बरं, मग हिरवट, मग उन्हाळ्यातलं काळं. मोटार न्यायला आलेला माणूस फळीकडे बघून हसायचा. "मिस्त्री, सरबताचा धंदा काढला का काय?" मला बाटलीवाली भाभी असं नाव पडलं. मी अर्ज केले, तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले, बाटल्या टेबलावर मांडल्या. एका साहेबांनी फार आपुलकीनं सांगितलं, "बाई, बूच लावा, वास येतोय." मी घरी आले ती निवडणुकीचं मनात घेऊनच. दौंडच्या एका साप्ताहिकानं 'पर्यावरणवादी महिला उमेदवार' असं छापलं. सासूबाईंनी ते मोठ्यांदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हे काय आसतं? डाक्टरला दावलं का?"

चिन्ह मिळालं कपबशी. झालं, लोकांना आयतंच सापडलं. "कपबशी घेतली खरी भाभी, पर च्या कुठल्या पाण्याचा पाजणार?" पहिल्यांदा मीही हसले. रोज तेच ऐकून पुढे नुसती मान हलवू लागले.

खरे प्रश्न वेगळे होते आणि ते हसत विचारले जात नव्हते. एकानं डेअरीवर सगळ्यांसमोर ह्यांना गाठलं. "मिस्त्री, घाण पाण्यानं मोटारी जळत्यात. मोटारी जळल्या की तुमचं दुकान चालतं. आन् तुमचीच बायको म्हंती पाणी सुधारा. आम्ही काय खुळे हाय का?" मी म्हटलं, दुकान बसलं तर बसू दे, पोरीचे पाय बरे होऊ देत. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, यामागं नक्की काहीतरी काळंबेरं आहे. ज्याचा स्वार्थ दिसत नाही त्याच्यावर गावाचा विश्वास बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेठचा स्वार्थ सगळ्यांना उघड दिसत होता, म्हणून त्याची कुणाला भीती नव्हती.

आणि एक प्रश्न असा होता की तो मी टाळायचे. नदीचा पलीकडचा काठ शिरूर तालुक्यात. तिकडच्यांना मला मत देता येत नव्हतं, पण बंधारा दोन्ही काठांचा, त्यामुळे तिकडची माणसं बंधाऱ्यावरून चालत येऊन आमच्या बैठकीत बसत. "मत न्हाई आमचं, पर इचारायला बंदी न्हाई ना?" असं म्हणून विचारत, "ढापे काढायचे का ठेवायचे, तेवढं सांगा."

माझं म्हणणं साधं होतं. उन्हाळ्यात धरणातून नदीला पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. ते यायच्या आधी ढापे काढा, साचलेली घाण जाऊ द्या, पहिल्या लोंढ्यानं पात्र धुऊन निघू द्या आणि मग ढापे टाकून ताजं पाणी धरा. पण मागे एकदा गावानं नेमकं हेच केलं होतं. ढापे काढले, आणि धरणातच पाणी कमी म्हणून आवर्तन वाटेतच आटलं. नदी कोरडी, मोटारी हवेत लोंबकळलेल्या, दोन्ही काठांचं पीक उभ्यानं वाळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात ढाप्याला हात लावायचं नाव काढलं की माणसं अंगावर यायची.

हे मला म्हणाले, "ढाप्याचं बोलू नकोस. नदी स्वच्छ करू एवढंच म्हण. स्वच्छ नदी कोणाला नको?" मीही तसंच बोलत राहिले. कोणी ढाप्यांचं विचारलं की विहिरीचं बोलायचे, पोरांच्या पायांचं बोलायचे. घरी आले की जेवण जायचं नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, उन्हं उतरताना, गावानं दोन्ही उमेदवारांना खंडोबाच्या देवळापुढच्या पारावर बोलावलं. एकीकडे शेठ आणि त्याची माणसं, एकीकडे आम्ही. देवळाच्या भिंतीला टेकून बायका उभ्या. पलीकडच्या काठाचेही बरेच आले होते. मध्ये बसले होते आबा. हे आबा म्हणजे गावातले वजनदार म्हातारे. पाण्याच्या कमिटीचे प्रमुख, सगळ्यात मोठी मोटार त्यांची, आणि माझ्या सासऱ्यांचे लहानपणापासूनचे सोबती. सासरे मागे लिंबाखाली बसले होते.

शेठनं भाषण केलंच नाही. त्यानं देवळातून भंडाऱ्याचं ताट मागवलं. मूठभर भंडारा उचलून म्हणाला, "माझ्या मंडळींच्या वतीनं देवापुढं शब्द देतो. ऊस तुटंपर्यंत बंधाऱ्याचा एक ढापा हलू देणार न्हाई." कपाळाला भंडारा फासला. टाळ्या पडल्या. मग त्यानं ते ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. "आता भाभींनी उचलावा. नदीवर त्यांची लय माया हाय म्हंत्यात."

मुलाण्याची सून भंडारा उचलते का, हे बघायला ती माणसं श्वास धरून बसली होती.

तेवढ्यात आबा उठले. "ऱ्हाऊ द्या. त्यांच्यात हे चालत न्हाई. उगा एखाद्याला धरमसंकटात घालू नये. सोडा त्यांला." चारचौघांनी माना डोलावल्या. "व्हय व्हय, बरूबर हाय." हेही सुटल्यासारखे झाले, मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. आता मी फक्त हात जोडून खाली बसायचं होतं. ढाप्यांचं उत्तर द्यावं लागलं नसतं. निम्म्यांना वाटलं असतं, बिचारीला उचलायचा होता पण जमेना. निम्म्यांना वाटलं असतं, बाई आपल्यासारखीच ढापे ठेवणारी आहे. आबांनी माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं आणि तेही प्रेमानं.

पण ते खोटं होतं. दरवर्षी ढापे टाकायच्या दिवशी बंधाऱ्यावर सगळं गाव भंडारा उचलायचं, वर्षभर पाण्यावरून भांडण करायचं नाही म्हणून. आणि त्या गर्दीत माझे सासरे पहिल्या ओळीत असायचे. बकरंही त्यांच्याच हातचं. भंडारा उचलायचे आणि मग घरी येऊन नमाज पढायचे. हे पारावरच्या एकूणएक माणसाला ठाऊक होतं. सगळं गाव माझ्या सोयीसाठी एक खोटं बोलायला तयार झालं होतं. मला त्या दयेचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण क्षणभर मीही खाली बसायला निघाले होते.

मी म्हटलं, "आबा, भंडारा उचलायला मला काही अडचण नाही. माझ्या सासऱ्यांनी तुमच्या शेजारी उभं राहून किती वेळा उचललाय ते तुम्हाला माहीत आहे. पण शेठ म्हणतात ती शपथ मी घेणार नाही. आवर्तनाच्या आधी ढापे काढलेच पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. आजवर तुम्ही विचारलंत आणि मी विषय बदलत होते. आता सांगते."

मग जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे. आणि त्या गलक्यातही माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदाच सगळे प्रश्न थेट मला येत होते.

"आन् पाणी आलं न्हाई तर?"

"येईल असं वाटतं. पण खात्री नाही."

"पंचायतीच्या मेंबरला ढाप्याचा अधिकार तरी हाय का?"

"नाही."

"वरनं पाणी सोडायचा?"

"तोही नाही."

लोक हसायला लागले. पलीकडच्या काठाचा एक उंच माणूस उभा राहिला. त्याचा कांदा मागच्या वेळी गेला होता. तो हसत नव्हता. "मंग भाभी, तुमच्याकडं हाय तरी काय? ऊस आमचा, कांदा आमचा, मोटारी आमच्या. तुमचं काय जातंय?"

माझं खरंच काही जात नव्हतं. एक गुंठा जमीन नव्हती आमची. मी ताटात हात घातला. भंडारा गार होता, मऊ होता. मी म्हटलं, "ज्या दिवशी ढापे निघतील त्या दिवशी मी बंधाऱ्यावर येऊन बसेन. पाणी येऊन ढापे परत बसेपर्यंत घरी जाणार नाही. पाणी नाही आलं तर तिथंच बसलेली दिसेन. या, आणि जे बोलायचं ते तिथं येऊन मला बोला." मी भंडारा कपाळाला लावला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी लिंबाखाली टोपी सारखी केली, बाकी काही नाही.

मी सपाटून पडले. आमच्या गावात तर मला घरची मतं तरी पूर्ण पडली की नाही अशी शंका यावी. माळावरच्या वस्त्यांनी थोडीफार लाज राखली. शेठनं गुलाल उधळत मिरवणूक काढली. त्यातही त्याची बायको दिसली नाही.

नंतरचे महिने वाईट गेले. मोटारी पुढच्या गावातल्या दुकानात जायला लागल्या. हे सकाळी दुकान उघडायचे, तांब्याच्या तारेचं रीळ पुसून ठेवायचे आणि संध्याकाळी बंद करायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. पस्तावले का? पस्तावले. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली यायचा आवाज आला की हमखास पस्तावायचे.

उन्हाळा तापला आणि त्या वर्षी पाणी कधी नव्हे इतकं नासलं. बंधाऱ्याला मेलेले मासे लागले. आबांच्या शेवंतीला पाणी दिलं की पानांची टोकं करपायला लागली. शेठच्या आळीत कावीळ निघाली. धरणातून पाणी सुटणार अशी बातमी आली आणि कमिटीची बैठक बसली. मला अर्थातच बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा आबा चार माणसं घेऊन दारात. ह्यांच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"सूनबाई, चला."

"कुठं?"

"बंधाऱ्यावर. ढापे काढायला घेतलेत."

मला आधी आनंद झाला. मग कळलं, ते मला आनंदाची बातमी द्यायला आलेले नाहीत. मी म्हटलं, "आबा, मी पडले."

"पडला ते तालुक्याला. भंडारा गावात उचलला होता."

"अहो, पण ते 'निवडून आले तर' असं होतं..."

"आसं म्हणाला न्हाईत," आबा शांतपणे म्हणाले. "आख्खं गाव होतं तिथं. 'निवडून आले तर' म्हणाला असता, तर आम्ही न्यायला आलो नसतो."

मी आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं. कुठलाही पुढारी झोपेतसुद्धा विसरणार नाही ते तीन शब्द मी रागाच्या भरात विसरले होते. मी आशेनं सासऱ्यांकडे बघितलं. ते खुंटीवरची छत्री काढत होते. "ऊन लागंल," म्हणाले आणि छत्री माझ्या हातात दिली.

बंधाऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या अंगाची लाही झाली होती. मत द्यायच्या वेळी ओळख नाही आणि जामीन राहायला मात्र मी! माणसं आकडे लावून दोरांनी ढापे ओढत होती. एकेक ढापा वर आला की काळं पाणी खालून उसळायचं आणि असा वास सुटायचा की ओढणारे तोंड फिरवायचे. जलपर्णीचे मोठमोठे तुकडे खांबांना धडकत, फिरत खाली गेले. दुपारपर्यंत नदीचं पोट उघडं पडलं. काळा गाळ, प्लॅस्टिक, चपला, फुटके माठ, आणि दोन्ही काठांना पाण्याबाहेर लोंबणारे मोटारींचे पाइप. मोटारींचा आवाज बंद झाला तेव्हा कळलं की आपण बारा महिने तो ऐकत असतो. मी बंधाऱ्याच्या मधोमध छत्री उघडून बसले. दोन्ही काठांवर माणसं बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आबा भाकरी घेऊन आले. मी चिडूनच विचारलं, "एवढा शब्दावर विश्वास होता तर मत का नाही दिलंत?"

"निवडून आल्यालं माणूस बंधाऱ्यावर बसत न्हाई, सूनबाई," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते.

दुसरा दिवस उजाडला. पाणी आलं नाही. वरच्या गावाला एसटी स्टँडच्या बूथवरून फोन करून कोणीतरी आलं. तिथंही पोचलं नव्हतं. गाळ उन्हानं तडकायला लागला. पलीकडचा उंच माणूस खांबाला टेकून उभा होता. त्याचा नवा कांदा पाण्यावर आला होता, आज-उद्या पाणी मिळालं नाही तर गेलाच. तो वरच्या वळणाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भीती वाटत होती. उघड सांगते, पळून जावंसं वाटत होतं. माझ्या बाटल्या, माझे अर्ज, सगळं मला पोरखेळ वाटायला लागलं होतं. ह्या माणसांचं वर्ष मी माझ्या हट्टापायी घालवलं, असं मनात येऊन बसलं.

दुपारी शेठची जीप काठावर थांबली. "काय भाभी, दिसतंय का पाणी?"

मी म्हटलं, "शेठ, एक ढापा हलू देणार नाही म्हणून तुम्हीही भंडारा उचलला होता. सगळे ढापे तर काठावर पडलेत."

माणसांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलला, पण जीप चालू असल्यामुळे ऐकू आलं नाही, आणि जीप गेली. थोड्या वेळानं काठावरून एक बाई एकटीच चालत आली. डोक्यावरून पदर, हातात पाण्याची कळशी. अनवाणी होती. बंधाऱ्यावरून सांभाळून पावलं टाकत माझ्यापर्यंत आली आणि कळशी ठेवून शेजारी बसली. मला वाटलं पलीकडची कोणी असेल. बायकांची कुजबुज सुरू झाली तेव्हा कळलं. निवडून आलेली मेंबर ही.

"त्यांनी उचलला होता," ती खाली बघत म्हणाली. "पर माझ्या नावानं उचलला होता ना. मोडला तो माझ्या नावावर." मी छत्री थोडी तिच्याकडे सरकवली. तिच्या पायांवरही खरूज होती.

पाणी आलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी. आधी वळणावर कुत्री भुंकली, मग फेसाची एक घाणेरडी रेघ गाळावरून सरकत आली. दोन्ही काठांवर एकच ओरडा झाला. माणसं ढाप्यांकडे धावली. दोर लागले, आकडे लागले, पहिला ढापा खाचेवर आणून उभा केला.

पण पाणी काळं होतं. वरची सगळी घाण घेऊन आलं होतं. हेच अडवलं तर केलं ते सगळं फुकट. आणि हे जाऊ दिलं, आणि मागून पाणीच आलं नाही, तर? मागच्या वेळी असंच झालं होतं. उंच माणसानं ढापा खांद्यानं रेटून धरला होता. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"टाकू का?" आबांनी विचारलं. हे माझ्या शेजारीच उभे होते. दुकान बंद करून आले होते. त्यांना कोणी विचारलं नाही. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मी म्हटलं, "थांबा."

"भाभी, पाणी चाललंय!" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"थांबा म्हणत्यात ना त्या!" मेंबरबाई ओरडल्या. त्यांचा आवाज गावानं बहुधा पहिल्यांदाच ऐकला. माणसं थांबली. काळं पाणी खांबांमधून धडाधड खाली जात राहिलं. मी एक बाटली दोरीला बांधून खाली सोडली, वर ओढली, उन्हात धरली. काळं. परत सोडली. हिरवट. तिसऱ्यांदा बाटली खांबावर आपटून फुटली. ह्यांनी दुसरी पुढे केली. दुकानाच्या फळीवरच्या दोन-तीन बाटल्या रिकाम्या करून त्यांनी पिशवीतून आणल्या होत्या.

पाण्याचा जोर कमी होतोय असं मला वाटलं. कदाचित भासही असेल. बाटलीतलं पाणी गढूळ होतं, पण त्यातून माझी बोटं दिसत होती. अजून थांबावं का? आणखी थोडं चांगलं येईल का, की हेच शेवटचं? मला माहीत नव्हतं. आबांनी पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, "सूनबाई, टाकू का?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "टाका."